लेखणी आणि अंगठा

महाविद्यालयाच्या मराठीच्या अभ्यासक्रमात ‘उपयोजित मराठी’ नावाचा एक भाग असतो. अर्ज, निवेदन, इतिवृत्त, वृत्तपत्रासाठी लेख असे लेखनप्रकार त्यात शिकविले जातात. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा हमखास गुणांचा भाग. मायना कोठे, विषय कोठे, ‘आपला विश्वासू’ कोणत्या बाजूला, एवढे पाठ केले की काम भागते. परंतु समोरच्या माणसाचे मन वळावे, त्याने आपले म्हणणे ऐकून घ्यावे आणि ऐकून काही करावे, यासाठी लिहिणे ही एक स्वतंत्र विद्या आहे व तिला मोठा इतिहास आहे, ही गोष्ट त्या गुणांच्या हिशेबात हरवून जाते. त्या इतिहासाची काही पाने येथे उलगडावी असा आमचा मानस आहे. पाने निवडताना आमच्या डोळ्यांपुढे शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील विद्यार्थी आहेत, हे आरंभीच सांगून टाकतो.

२०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा नवा जिल्हा झाला. शहापूर आणि मुरबाड मात्र ठाण्यातच राहिले. एका टोकाला माहुलीचा किल्ला, दुसऱ्या टोकाला नाणेघाट आणि मध्ये भातसा व काळू या नद्यांची खोरी, असा हा मुलूख. तानसा आणि भातसा जलाशयांचे पाणी येथून मुंबईला जाते, आणि उन्हाळा आला की येथल्याच कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. कुणबी व आगरी शेतकऱ्यांच्या शेजारी ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली हे आदिवासी समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. शहापूरचे सोनुभाऊ बसवंत महाविद्यालय आणि मुरबाड भागातील महाविद्यालये यांत आज या घरांतील मुलेमुली शिकतात. त्यांतील पुष्कळांच्या घरात पदवीच्या वर्गापर्यंत पोहोचलेले ते पहिलेच. घरची बोली ठाकरी किंवा कातकरी, शाळेची भाषा प्रमाण मराठी आणि कचेरीची भाषा तिसरीच: ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ‘सबब’, ‘सादर करण्यात येत आहे की’. असे भाषेचे तीन उंबरठे ओलांडल्यावर या विद्यार्थ्याचा पहिला अर्ज कागदावर उतरतो.

अंगठ्याचा काळ

या मुलांच्या पणजोबांच्या काळी कागद घरात येई तो सावकाराकडून. त्यावर काय लिहिले आहे हे ज्याने लिहिले त्यालाच ठाऊक असे. ज्याच्याविषयी लिहिले, त्याचा फक्त अंगठा उमटे. कर्जाची रक्कम, व्याजाचा दर, जमिनीची हद्द, सारे काही शाईत आणि शाई दुसऱ्याची. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांनी प्रामुख्याने खतपत्रे मागितली आणि ती जाळली. आपल्या गळ्याभोवतीचा फास दोराचा नसून कागदाचा आहे, हे निरक्षर माणसानेही अचूक ओळखले होते. पण कागदाला उत्तर म्हणून त्याच्याजवळ आगच होती; दुसरा कागद नव्हता.

घाटाखाली परिस्थिती याहून बिकट होती. १९३५ च्या कायद्यानुसार मुंबई इलाख्यातील काही भाग ‘अंशतः वगळलेली क्षेत्रे’ म्हणून ठरविण्यात आले. ठाणे जिल्ह्यातील डहाणू आणि शहापूर हे तालुके त्यांत होते. अशा भागांतील आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्याचे काम डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी दिलेल्या अहवालात ठाणे जिल्ह्यातील लगीनगड्यांची हकीकत आहे. लग्नासाठी तरुणाने काही रक्कम उचलावयाची आणि तिच्या फेडीसाठी त्याने व त्याच्या बायकोने धन्याकडे राबावयाचे. राबणे संपत नसे, कारण कर्ज संपत नसे. अहवाल परखड होता आणि त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तरीही तो इंग्रजीत होता, एका साहेबाने दुसऱ्या साहेबांसाठी लिहिलेला होता. लगीनगड्याविषयी त्यात पुष्कळ होते. लगीनगड्याचे स्वतःचे लेखन त्यात नव्हते.

जानेवारी १९४५ मध्ये येथून जवळच, टिटवाळ्याला, किसान सभेचे अधिवेशन भरले. तेथे वारली आले, आणि त्याच वर्षी उंबरगाव-डहाणू भागात वेठीविरुद्ध लढा उभा राहिला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे तो मराठी वाचकांना परिचित झाला. त्या चळवळीच्या विचारसरणीशी आमचे मतभेद असू शकतात. पण वेठ हे पाप आहे आणि ते त्यांनी चव्हाट्यावर मांडले, हे निर्विवाद. येथेही लेखणी धरणारा हात मात्र प्रेमाने पुढे आलेल्या बाहेरच्या माणसाचाच होता.

एका विद्यार्थिनीचा निबंध

मग सोसणाऱ्यानेच लेखणी धरली, असे मराठीत प्रथम केव्हा घडले? या प्रश्नाचा शोध घेताना एका शाळकरी मुलीपाशी थांबावे लागते. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या फेब्रुवारी व मार्चच्या अंकांत मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखिका मुक्ता साळवे, मांग समाजातील एक किशोरवयीन मुलगी, पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मराठी मिशनचे पत्र. १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेले. आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंनी त्या काळी एका अस्पृश्य मुलीच्या निबंधाला आपल्या पत्रात जागा दिली, याचे श्रेय त्यांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

मुक्ताच्या पाठीशी शाळेतील थोडीच वर्षे होती. पण मन वळविण्याच्या विद्येचे जे धडे आज महाविद्यालयात शिकवावे लागतात, ते तिच्या निबंधात आढळतात. ती आरंभ रडण्याने करीत नाही, युक्तिवादाने करते. वेद आमचेच, ते इतरांनी पाहू नयेत असे जर ब्राह्मण म्हणतात, तर आम्हांला धर्मपुस्तकच नाही हे उघड झाले. मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सरळ प्रश्न आहे. प्रतिपक्षाचेच विधान हाती घेऊन ती त्याचा शेवट दाखविते. त्यानंतर पुरावा येतो. पेशवाईच्या काळी तालीमखान्यापुढून जाणाऱ्या मांग-महाराची काय गत होई, इमारतीच्या पायात माणसे कशी पुरली जात, हे ती सांगते. आणि मग असे एक दुःख ती मांडते की जे पुरुष लेखकाला सुचलेच नसते: घरावर छप्पर नाही, आणि वाऱ्यापावसात बाळंत होणाऱ्या आमच्या स्त्रिया. शेवटी ती आपल्या समाजाकडे वळते आणि शिकण्याचा आग्रह धरते. अज्ञान हा रोग आणि विद्या हे त्यावरील औषध, अशा अर्थाने.

हा क्रम पाहण्यासारखा आहे: प्रश्न, पुरावा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले दुःख आणि अखेर कर्तव्य. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मुक्ता एकाच निबंधात दोन वाचकांशी बोलते. ज्यांनी अन्याय केला त्यांना ती जाब विचारते आणि ज्यांनी तो सोसला त्यांना जागे करते. दोघांशी बोलताना तिचा स्वर वेगळा आहे, पण सांगणे एकच आहे. फुले दांपत्याने तिच्या वतीने असा निबंध लिहिला असता, तर तो कदाचित अधिक सफाईदार झाला असता. त्यांनी तसे केले नाही; त्यांनी तिला लिहावयास शिकविले. आमच्या मते त्यांच्या शाळेची सर्वांत मोठी कामगिरी हीच.

सन १८८२: दोन कागद

यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८८२ साली, दोन भिन्न कागदांची गोष्ट महाराष्ट्रात घडली. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर आमच्या विषयावर चांगला प्रकाश पडतो.

पहिला कागद जोतीराव फुल्यांचा. शिक्षणाच्या चौकशीसाठी आलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी लेखी निवेदन सादर केले. शेतकऱ्याच्या कष्टातून सरकारचा खजिना भरतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे जातो, हे त्यांचे मुख्य म्हणणे. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करावे ही मागणी. पण मागणीकडे येण्यापूर्वी ते एक साधी गोष्ट करतात. आपला शिक्षणविषयक अनुभव मुख्यतः पुणे व आसपासच्या खेड्यांपुरता आहे, हे ते आरंभीच सांगतात. आपल्या ज्ञानाची कुंपणे जो स्वतःच दाखवितो, त्याच्या कुंपणाआतील शब्दावर वाचकाचा विश्वास बसतो. नवशिक्या लेखकाला वाटते की सारे जग आपल्याला ठाऊक आहे असे भासविले तर वजन पडेल. अनुभव उलट आहे.

दुसरा कागद गोपाळ गणेश आगरकर व बाळ गंगाधर टिळक यांच्या वाट्याला आला. आगरकर म्हणजे महाविद्यालयातच लेखणी घासून तयार झालेला विद्यार्थी. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी, गरिबीत जन्म. पुण्यास डेक्कन कॉलेजात शिकताना वृत्तपत्रांतून लिहून खर्चाला हातभार लावण्याची वेळ. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, मी थोडक्यात समाधान मानून लोकांसाठी झटणार आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी विद्यार्थिदशेत आईला लिहिले, हे सर्वश्रुत आहे. पुढे ‘केसरी’चे ते पहिले संपादक झाले. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होत असल्याबद्दल ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी दिवाण बर्वे यांच्यावर टीका केली. हेतू उदात्त होता, लेखणी धारदार होती; परंतु ज्या पत्रांचा आधार घेतला, ती न्यायालयात खोटी ठरली. १८८२ साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि १०१ दिवसांनी सुटले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुस्तकही लिहिले.

या प्रसंगातून त्या दोघांचे मोठेपण कमी होत नाही. पण विद्यार्थ्याने त्यापासून शिकावयाचे ते हे: भाषेचा जोर पुराव्याची उणीव भरून काढीत नाही. किंबहुना भाषा जितकी जोरदार, तितका खोट्या कागदाचा अपाय मोठा. प्रामाणिक माणसालाही कागद तपासून घ्यावा लागतो, कारण वाचक त्याच्या हेतूवर नव्हे, त्याच्या शब्दावर विसंबून असतो.

वक्तृत्वाचा प्राध्यापक आणि कैद्याचे पत्र

मन वळविण्याची कला आणि सत्य यांचे हे भांडण ख्रिस्तसभेला फार जुन्या काळापासून परिचित आहे. संत ऑगस्टीन हे बाप्तिस्म्यापूर्वी वक्तृत्वशास्त्राचे प्राध्यापक होते. कार्थेज, रोम आणि इ. स. ३८४ पासून मिलान येथे त्यांनी ते शिकविले. सम्राटाच्या स्तुतीचे भाषण आपण कसे रचीत होतो, त्यात किती असत्य होते आणि ते असत्य आहे हे ठाऊक असूनही ऐकणारे कशी वाहवा करणार होते, हे त्यांनी आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. ३८६ साली त्यांनी ते अध्यापन सोडले. पण कला टाकून दिली नाही. उतारवयात त्यांनी ख्रिस्ती शिकवणीवरील आपल्या ग्रंथाचा चौथा भाग लिहिला, तो याच विषयावर: शिकवावे, आनंद द्यावा आणि हृदय हलवावे. सिसेरोची ही त्रयी त्यांनी स्वीकारली आणि सत्याच्या सेवेला लावली. असत्याच्या बाजूचे लोक प्रभावी बोलतात, मग सत्याच्या बाजूच्यांनी का रटाळ बोलावे, असा त्यांचा रोख आहे.

आपल्या मराठीतही याचे उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’त, १६१६ साली छापल्या गेलेल्या त्या महाकाव्यात, श्रोते मध्येच शंका विचारतात आणि कथा सांगणारा थांबून उत्तर देतो. ऐकणाऱ्याच्या मनात कोणता प्रश्न उभा आहे हे ओळखून त्याला वाट करून देणे, हे मन वळविणाऱ्याचे पहिले कर्तव्य त्या पाद्रींनी नीट जाणले होते.

परंतु आमच्या विषयाला सर्वांत जवळचे पान नव्या करारात आहे. संत पौलाचे फिलेमोनाला लिहिलेले पत्र अवघ्या २५ ओव्यांचे. पौल बंदिवासात आहे. ओनेसिमस हा फिलेमोनाचा गुलाम त्याच्यापाशी आला आहे, आणि पौल त्याला परत पाठवीत आहे. पत्राचा उद्देश एवढाच की धन्याने त्याला गुलाम म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून स्वीकारावे. मी आज्ञा करू शकलो असतो, पण प्रेमाखातर विनंती करतो, असे पौल सांगतो. आणि मग कर्जाचा विषय येतो. याने तुझे काही देणे लागत असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन, असे लिहिताना हे मी स्वहस्ते लिहीत आहे असा उल्लेख तो आवर्जून करतो. त्याची पत्रे लेखनिकांकडून लिहून घेतलेली असत. रोमकरांस पत्राचा लेखनिक तर्तियस याने शेवटी आपले नावही नोंदविले आहे. पण कर्ज अंगावर घेण्याच्या ओळीला पौलाने स्वतः लेखणी धरली.

ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या अंगठ्याने कर्ज अंगावर आले, तेथे हे पत्र वेगळ्याच अर्थाने वाचले जाते. येथे लेखणी माणसाला बांधण्यासाठी नव्हे, सोडविण्यासाठी चालली आहे. या पत्राने रोमन साम्राज्यातील गुलामगिरी संपली नाही, हे खरे. पण धनी आणि गुलाम एकाच मेजाशी बसलेले बंधू आहेत, हे वाक्य एकदा कागदावर उतरले ते पुसता आले नाही.

आजचा कागद

१९७६ साली वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा झाला आणि वेठीची कर्जे कायद्याने संपुष्टात आली. त्यानंतरचे जे कायदे या दोन तालुक्यांच्या जीवनाशी निगडित आहेत, त्यांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. ते नागरिकाने काहीतरी लिहावे अशी अपेक्षा करतात. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने साध्या अर्जावर सरकारी कागद मागता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासीला आपला दावा मांडता येतो; १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. दावा ग्रामसभेपुढे जातो, आणि पुराव्यांच्या यादीत सरकारी कागदांबरोबरच दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्या माणसाचे, लिहून घेतलेले, निवेदन ग्राह्य धरले जाते. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाड तालुक्यातील काही गावे अनुसूचित क्षेत्रात असल्याने तेथे ग्रामसभेच्या ठरावालाही विशेष महत्त्व आहे.

लेखी शब्द काय करू शकतो याचे उदाहरण मुरबाडमध्येच आहे. काळू नदीवरील नियोजित धरणाचे काम वनविषयक आवश्यक मंजुरी नसताना सुरू झाले, तेव्हा श्रमिक मुक्ती संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि २०१२ साली न्यायालयाने ते काम थांबविले. धरण हवे की नको यावर मतमतांतरे आहेत. महानगराची तहानही खरी आणि बुडणाऱ्या गावाचे दुःखही खरे. पण ज्यांची जमीन बुडणार त्यांचे म्हणणे कागदावर, पुराव्यासह, योग्य दारी पोहोचल्याशिवाय निर्णय होऊ नये, हे तरी सर्वांना मान्य व्हावे.

आता महाविद्यालयातील त्या ‘हमखास गुणांच्या’ भागाकडे पुन्हा पाहावे. वडिलांच्या दळी जमिनीचा दावा फेटाळला गेला आहे, आणि पदवीच्या वर्गातील मुलगी त्यावर अपील लिहावयास बसली आहे, असे समजू. ‘आम्ही फार गरीब आहोत, तरी साहेबांनी दया करावी’ हे वाक्य तिच्या लेखणीतून प्रथम येईल, कारण अर्जाची तीच रीत तिने पाहिली आहे. पण ज्यांच्यापुढे अपील जाणार, त्यांना दया करण्याचा अधिकार नाही. कायद्यात बसते का, एवढेच पाहण्याचा आहे. मग तिला दुसरे वाक्य शोधावे लागेल. बांध कोणी घातला, कोणत्या साली. वरी-नाचणी कोठे पेरली जाते. आंब्याचे झाड किती जुने. आजीला काय आठवते. आठवणीत साल नसेल तर गावातील कोणत्या ठाऊक घटनेच्या आधीचे वा नंतरचे, हे विचारावे लागेल. न आठवणारी गोष्ट लिहिण्याचा मोह टाळावा लागेल. मुक्ता साळवेची साक्ष, फुल्यांचे कुंपण, डोंगरीचा धडा, पौलाची विनंती: सारे त्या एका कागदात लागते. परीक्षेतील दहा गुणांहून त्याचे मोल किती अधिक, हे सांगावयास नकोच.

येथे आम्हां धर्मगुरूंना आणि शिक्षकांनाही एक विचार करावयाचा आहे. गावात ज्याला लिहिता येते, त्याच्या दाराशी अर्ज लिहून घेणाऱ्यांची रांग लागते. त्याने तो लिहून द्यावा, ही दयेची कृती आहे आणि तातडीच्या प्रसंगी ती केलीच पाहिजे. पण दरवेळी आपणच लिहून देत राहिलो, तर लेखणी सावकाराच्या हातून निघून सज्जनाच्या हाती आली, एवढाच फरक पडेल. अंगठा अंगठाच राहील. अर्ज लिहून देण्यास दहा मिनिटे लागतात. तोच अर्ज समोरच्या तरुणाकडून लिहून घ्यावयास, त्याचे वाक्य खोडून न टाकता त्याला विचारीत विचारीत स्पष्ट करावयास, एक अख्खी दुपार जाते. ती दुपार देण्याची आपली तयारी आहे का, हा प्रश्न आहे. धर्मग्रामाच्या सभागृहात सुट्टीच्या दिवशी असा वर्ग चालविण्यास फारसा खर्च नाही. एक फळा, थोडे कोरे कागद आणि ऐकून घेण्याची सवय असली की पुरे. त्यात कातकरी, कुणबी, ख्रिस्ती असा भेद करण्याचेही कारण नाही.

वनहक्काच्या दाव्यासोबत जोडलेल्या वृद्धांच्या निवेदनांखाली अंगठा उमटलेला असेल, तर त्यात आश्चर्य नाही. आजीला सही येत नाही, आणि आता या वयात ती यावी असा हट्टही नको. पण त्या अंगठ्याच्या वरचा मजकूर तिने सांगितलेला आहे, तिच्या नातीने तो तिच्याच शब्दांत उतरवून घेतला आहे, आणि अंगठा उठविण्यापूर्वी तो तिला वाचून दाखविला आहे, असे झाले तर शंभर वर्षांपूर्वीच्या खतपत्रावरचा अंगठा आणि हा अंगठा यांत फार मोठे अंतर पडलेले असेल. ते अंतर शाळेने आणि महाविद्यालयाने कापलेले असेल. आपण सर्वांनी त्याला हातभार लावावा, आणि ज्याचे दुःख त्याच्याच हाती लेखणी देण्याची बुद्धी प्रभूने आपल्याला द्यावी, एवढीच प्रार्थना.